बांधाकडची माती

मागच्या भादव्यात दिव्या पहिल्यांदा आमच्या शेतात आली, तेव्हा मी तिच्यावर विळा उगारला होता. त्यात तिचा दोष नव्हता, अन् माझाही नव्हता. चाकणच्या अंगाला कुणी पिशवीत माती भरायला लागलं, की पुढं तिथं पत्र्याची शेड उभी राहते. आम्ही हेच बघत आलोय.

"कुठल्या कंपनीची गं तू?"

"कंपनीची नाही, आजी. शेतकी कॉलेजात शिकते. भुईमुगाला हुमणी लागलीय ना, ती बघायचीय."

"बघ की. भुईमूग न्हाई उरला, हुमणीच उरलीय."

खोटं नव्हतं ते. हुमणी म्हणजे मातीतली जाड पांढरी अळी. ती मुळं कुरतडते अन् झाड उभ्याउभ्या वाळतं. माझ्या लेकानं, सुजितनं, दोनदा औषध सोडलं. अळ्या आणखीच माजल्या. शेवटी तो म्हणाला, "आये, पुढच्या साली पण असंच झालं तर मी ऐकायचा न्हाई. कंपनीतल्या पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधू हितं." मी व्हय म्हणाले. जीव माझा गुंतलेला, पण कंबर त्याची मोडत होती.

दिव्या बांधाकडं उकरत होती, ती एकदम थांबली. तिच्या तळहातावर मेलेल्या अळ्या होत्या, काळ्या अन् लिबलिबीत.

"आजी, इथं औषध सोडलं होतं?"

"न्हाई. तितवर पाइप पुरत न्हाई."

पोरगी अशी हसली की जणू हंडा सापडला. म्हणाली, ह्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत, तेच हुमणीला आजारी पाडतात.

"म्हंजे माझ्या मातीला रोग हाय म्हंतीस?"

"रोग अळीला, आजी. माती ठणठणीत आहे."

ती माती घेऊन गेली. यंदा पेरणीच्या तोंडावर कॅन घेऊन हजर. "तुमचेच जंतू आहेत. आम्ही फक्त वाढवले." मुरलेल्या शेणखतात ते सावलीत कालवायचे अन् दिवस कलल्यावर सरीत टाकायचे, कारण त्यांना ऊन सोसत नाही.

"मग आमच्या सुजितचेच भाऊबंद म्हणायचे," मी म्हणाले.

"आये, गप की," सुजित म्हणाला. पण खत त्यानंच टाकलं.

श्रावणात रस्त्याकडचा पट्टा पिवळा पडला. सुजित पिकात शिरला, दोन-चार झाडं उपटली. एका झाडाखाली काळी, लिबलिबीत अळी. दुसऱ्याखाली तसलीच. एक जिवंत निघाली, तिला त्यानं चपलेखाली घेतलं. पट्टा गेला तो गेलाच, बाकीचं रान मात्र हिरवंगार राहिलं.

काल काढणी झाली. दिव्याही आली होती. घोस असे, की झाड उचलताना हाताला वजन लागत होतं. सुजितनं बांधावर बसून कच्च्या शेंगा खाल्ल्या अन् माझ्याकडं न बघताच विचारलं, "आये, बियाण्याला कुठल्या ठेवायच्या?"

म्हणजे खोल्यांचा विषय संपला, पुढच्या साली पेरणीच.

आभार मानायची मला सवय नाही. ह्या घरात लोक माझे मानतात. अन् बियाण्याच्या शेंगा सासू गेल्यापासून माझ्याशिवाय कुणी निवडलेल्या नाहीत. सुनेनंसुद्धा नाही. मी सूप दिव्यापुढं सरकवलं.

"मला नाही कळत ह्यातलं, आजी."

"मग बस हितं. शिकवते. कॉलेजात न्हाई शिकवत ते."