लहरीमहाराजांची पिशवी

“अखिल ब्रह्मांडातल्या लहरी या मुठीत आहेत!” लहरीमहाराज गरजले. आमच्या मागच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी श्वास रोखला. मग महाराजांनी त्याच मुठीत मोबाइल धरला आणि दादाला विचारलं, “वायफायचं नाव काय म्हणालात? आणि पासवर्ड?”

दादाने भक्तिभावाने दोन्ही सांगून टाकलं. ब्रह्मांड मुठीत असलेल्याला पासवर्ड लागतो, हे कुणालाच खटकलं नाही.

अडचण वहिनीची होती. याच खोलीत बसून ती रुग्ण आणि परभाषिक डॉक्टर यांच्यात व्हिडिओ कॉलवर दुभाष्याचं काम करते. कॉल सारखे तुटायचे. पुन्हा तुटला तर काम बंद, असं कंपनीने बजावलं होतं, आणि दुपारचा कॉल तोंडावर आला होता.

महाराजांनी खिडकीत तांब्याची नळी टांगली, पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. “लहरदोष आहे. आधीच्या भाडेकरूंचे अर्धवट राहिलेले कॉल इथे घुटमळताहेत.”

थोड्याच वेळात दादाच्या मोबाइलवरच्या रेघा टपाटप भरल्या.

“चमत्कार!” खालच्या मजल्यावरच्या काकू किंचाळल्या. “महाराज, आमच्या न्हाणीघरात येईल का हो?”

“श्रद्धा असेल तर बादलीतही येईल, माई.”

वहिनीने शांतपणे विचारलं, “नळी इथेच राहणार ना?”

“अखंड!”

“मग पिशवी भावोजींकडे द्या. जड दिसतेय.”

महाराजांनी पिशवी तान्ह्या बाळासारखी कवटाळली. “तीत माझी साधना आहे!”

“साधनेला जरा फिरवून आणतो,” म्हणत मी ती ओढून घेतली आणि जिना उतरून फाटकाशी गेलो. वरून दादाचा टाहो ऐकू आला, “गेली रे, कृपा गेली!” मी परत आलो. “आली, आली!”

पिशवी उघडली. आत सिमकार्डाचं छोटं हॉटस्पॉट यंत्र लुकलुकत होतं, आमच्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड घेऊन. दादाचा मोबाइल जवळचा जोरदार सिग्नल पाहून बिचारा तिकडे वळत होता.

वहिनी मग मोबाइलवर सिग्नलचा आकडा बघत घरभर फिरली. हा आकडा उणे असतो. शून्याकडे सरकेल तितका बरा. पण आमच्याकडे तो पुढच्या खोलीतच रडत होता. कारण धूळ बसू नये म्हणून दादाने राउटर तिथल्याच लोखंडी कपाटात ठेवून वर कुलूप घातलं होतं. वायरीपुरतं भोक मात्र आठवणीने पाडलं होतं.

“महाग वस्तू आहे गं!” दादा पुटपुटला.

राउटर घराच्या मधोमध, बोळातल्या उंच फळीवर गेला. मागच्या खोलीत आकडा सुधारला. वहिनीने पासवर्ड बदलला. महाराज नळी विसरून पसार झाले.

मला स्फुरण चढलं. “लोकहो, लहर दिसत नाही, पण मोजता येते! चमत्कार दाखवणाऱ्याची पिशवी आधी बाहेर ठेवा, मग मोजा, आणि मगच माना! बुद्धी ही…”

पडद्यावर रुग्ण आला होता; चित्र स्थिर, आवाज स्वच्छ. वहिनीने हेडफोन चढवला.

“भावोजी, बाहेर जाऊन बोला ना,” ती हळूच म्हणाली. “आणि दार तेवढं ओढून घ्या.”