तिसऱ्या अंकाचे मणी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, पण कापडाचा नव्हे हं! मी कागदी मण्यांचा पडदा. पोंभुर्ण्याच्या बाजाररस्त्यावर नवाबभाईंचं बाइंडिंगचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या दारात मी. कुणी आत-बाहेर गेलं की माझे मणी एकमेकांवर टकटक वाजतात. नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "वा, काय मस्त बनवलं आहे!" आणि तेव्हा मला वाटतं, या खिळ्यावरून निसटून कुठेतरी कोपऱ्यात जाऊन पडावं. असं का वाटतं, ते आज तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म १९९९ सालच्या हिवाळ्यातला. नवाबभाईंची मुलगी रुबीना तेव्हा नववीत होती. कार्यानुभवाच्या बाईंनी वर्गात सांगितलं, टाकाऊतून टिकाऊ वस्तू करून आणा, जिचा पहिला नंबर येईल ती चंद्रपूरच्या जिल्हा प्रदर्शनाला जाईल. रुबीनाचा तोवर कशातच पहिला नंबर आला नव्हता. धावण्यात नाही, गाण्यात नाही, गणिताचं तर नावच नको! तिने घरी येऊन दप्तर फेकलं आणि जाहीर केलं, "चंद्रपूरले मीच जाणार. कोनी मधात येऊ नका!"

मग ती कामाला लागली. दुकानातल्या रद्दीत जुनी मासिकं होती, कॅलेंडरं होती, फाटकी पाठ्यपुस्तकं होती. रुबीना त्यांच्या लांब, टोकाला निमुळत्या पट्ट्या कापायची. पट्टी सायकलच्या तारेवर गुंडाळायची, टोकाला अब्बांची मैद्याची खळ लावायची, तार ओढून घेतली की झाला मणी! वरून व्हार्निश. साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा गाल, कुठल्या तरी डोंगराचं निळं आभाळ, भूगोलातला अर्धा आफ्रिका खंड, सगळं माझ्यात गोल होऊन बसलं. मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

पण कापण्याआधी एक नियम होता. रुबीनाची अम्मी, नाहीद, रद्दीपुढे बसायची आणि उर्दू अक्षर असलेलं प्रत्येक पान बाजूला काढायची. त्यावर अल्लाचं नाव असू शकतं, रसूलचं, म्हणजे पैगंबरांचं, नाव असू शकतं, आणि त्यावर कात्री कशी चालवायची?

"अम्मी, ही तं केसाच्या तेलाची जाहिरात हाये!" रुबीना म्हणायची.

"असू दे. तेल विकनाऱ्याचं नाव अब्दुल्ला असंल तं? त्यातबी अल्लाचं नाव हाये ना! ठेव इकडं."

अशी पानं अम्मी पांढऱ्या कापडी पिशवीत भरायची. पिशवी भरली की ती नदीत सोडायची. तोवर ती उंचावर हवी, पायाखाली नको. म्हणून अम्मीने दुकानातला सगळ्यात वरची फळी रिकामी केली. तिच्यावर एक सुटा गठ्ठा होता. तो तिने उचलून खाली ठेवला. खाली म्हणजे कुठे? रद्दीशेजारी! गठ्ठा मराठीत होता आणि अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुबीनाच्या हाताला तो गठ्ठा लागला. हाताने लिहिलेली पानं, आणि रंग तरी किती! काही ओळी लाल शाईच्या, काही हिरव्या, काही जांभळ्या. तिने एक पट्टी गुंडाळून पाहिली. मण्यावर बारीक रंगीत रेघा उमटल्या, जणू लाखेच्या बांगडीवर असतात तशा. रुबीना टाळ्या वाजवत नाचली! उलट्या पडलेल्या गठ्ठ्यात तीन जुड्या होत्या; वरच्या जुडीतली अर्धी पानं तिने तासाभरात कापली. लाल मणी तिला सर्वांत आवडले, म्हणून त्यांना व्हार्निशचे दोन हात दिले.

आणि मग एका पट्टीवर तिला दिसलं, "अंक तिसरा, प्रवेश दुसरा." तिने गठ्ठा उलटून पाहिला. खाली अब्बांच्या अक्षरात चिठ्ठी होती, "मुखरूभाऊ, चिंचटोला. नवी शिलाई, पुठ्ठा."

रद्दी नव्हतीच ती. गिऱ्हाईकाचं काम होतं! चिंचटोल्याच्या नाटक मंडळाची वही. मुखरूभाऊ म्हणजे त्यांचे प्रॉम्प्टर, आडोशाला बसून नटांना वाक्यं पुरवणारे. दरवर्षी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गावात नाटक होतं, आणि त्याचीच ही एकुलती एक वही. प्रत्येक पात्राला वेगळी शाई, म्हणजे घाईत नजर चुकत नाही.

रुबीनाचा हात थांबला. मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला मी तेव्हा फक्त गुडघ्यापर्यंत आलो होतो. मला जमिनीपर्यंत यायचं होतं. तेवढ्यात दारातून वारा आला आणि मी असा झुललो, असा चमकलो, की तिने मान वर करून माझ्याकडेच पाहिलं. वाऱ्याला कशाला दोष देऊ? मला चमकायचंच होतं. तिने उरलेले दोन अंक दुसऱ्या फळीवरच्या रजिस्टरांखाली सरकवले, आणि तिसऱ्याची उरलेली पानंही कापली.

शाळेत माझा पहिला नंबर आला. हेडमास्तरांनी मला बोट लावून पाहिलं. बाई म्हणाल्या, "रुबीना, तुझ्या हातात जादू आहे गं!" रुबीना हसली, पण माझ्या लाल मण्यांकडे पाहणं तिने टाळलं. चंद्रपूरचं प्रदर्शन पुढच्या आठवड्यात होतं. तोवर तिने मला दारात टांगलं.

त्याच संध्याकाळी मुखरूभाऊ सायकलवरून आले. "नवाबभाऊ, झाली काय वही?"

नवाबभाईंनी फळ्या पाहिल्या, रजिस्टरं उचलली. दोन अंक मिळाले, तिसरा मिळेना. "इथीच असंल. बाजाराच्या दिवशी या ना, तयार ठेवतो."

त्यांनी तीन दिवस शोधलं. खळीच्या डब्यामागे पाहिलं, उंदराच्या बिळात हात घातला, रद्दीची पोती रस्त्यावर उलटी केली. जेवताना मध्येच उठून जायचे. तीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं एक पान गेलं नव्हतं. ते माझ्यातूनच आत-बाहेर करत होते, मित्रांनो! दिवसातून पन्नास वेळा ते मला हाताने बाजूला सारत आणि पुढे जात. रुबीना पुस्तक डोळ्यांपुढे धरून बसलेली असे. पान मात्र उलटत नसे.

बाजाराच्या दिवशी मुखरूभाऊ परत आले. अम्मीने चहा दिला. ते माझ्या अगदी जवळ बसले होते.

"हा परदा कोनं केला, बाई? लय चमकून राह्यला!"

"आमच्या रुबीनानं," अम्मी कौतुकाने म्हणाली. "पहिला नंबर आला तिचा."

मुखरूभाऊंनी एक लाल मणी बोटांत धरला, फिरवला आणि सोडून दिला. त्यांना आपलीच शाई ओळखू आली नाही.

नवाबभाई त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. "मुखरूभाऊ, तिसरा अंक माह्या हातून गेला. कुठी गेला, मले माहीत नाई."

मुखरूभाऊंचा कप बशीवर वाजला. "काय सांगता, भाऊ? पाच दिवसांवर पट हाये. गावोगावचे पावने येतात. तो अंक आमी दरसाली वाढवत वाढवत केला, दुसरीकडं कुठीच लिवला नाई. अन् माह्यं कसं हाये, रंगमंचावर मी कोनाले दिसत नाई. वही हातात नसंल तं मी हाये कोन तिथं?"

"आजपासून मी लोकायचे कागद घेनार नाई," नवाबभाई म्हणाले. "माह्या हाताचा आता भरोसा नाई." आणि ते दारावरची पाटी काढायला निघाले.

तेवढ्यात रुबीना उठली. "अब्बा, पाटी नका काढू! तुमच्या हातून नाई गेला. मी कापला. मले माहीत होतं, तरी कापला. मुखरूकाका, तो अंक इथी हाये, या मन्यांत."

अम्मी खाली बसली. "मीच गठ्ठा खाली ठेवला गं. मले जे वाचता येत नाई, ते सारं मी रद्दी समजली."

नवाबभाईंनी हात उगारला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "किती दोऱ्या?"

"अकरा."

"काढ."

रुबीनाने स्वतःच्या हाताने माझ्या अकरा दोऱ्या कापल्या. चंद्रपूर गेलं, हे तिला कळत होतं. कात्री चालताना ती रडत होती, पण थांबली नाही. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. खरं सांगतो, बरं वाटलं.

जुनी खळ वाफेने सुटते, हे बाइंडिंगवाल्याला माहीत असतं. नवाबभाईंनी स्टोव्हवर केटली ठेवली, एकेक मणी वाफेवर धरला, चिमट्याने उलगडला. मुखरूभाऊ पट्ट्या जुळवत होते. हिरवं पात्र सापडलं, जांभळं सापडलं. लाल मात्र सुटेना! दोन हात व्हार्निश होतं ना. जोर केला तर कागद फाटायचा, वाफ वाढवली तर शाई वाहून जायची.

दुसऱ्या दिवशी रुबीना अब्बांच्या सायकलवर मागे बसून चिंचटोल्याला गेली. परत आल्यावर तिने अम्मीला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. खळ्यावर धानाची मळणी चालली होती. नट एकेक करून यायचे, गेलेल्या ओळींतलं आठवेल तसं बोलायचे आणि रुबीना लिहायची. लाल शाईचं पात्र म्हणजे पाटील. ते काम रामाजी करायचे. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पोरी, माह्या मरनाचं भाषन कापलं तुनं! आता मी मरू कसा? परदा पडेपर्यंत जिताच राहू काय?"

सगळे हसले. रुबीनाने मान खाली घातली. "काका, तुमाले पाठ नाई काय?"

"मले काऊन पाठ राहीन? मुखरू मांगून बोलते, तवा मी बोलतो."

आणि मुखरूभाऊ तर वहीत पाहून बोलायचे. ते भाषण गेलं ते गेलंच.

नाटक मात्र झालं. आपला प्रसंग आला तसे रामाजी छातीवर हात ठेवून लोकांकडे नुसते पाहत राहिले आणि एकही शब्द न बोलता कोसळले. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे! जोरात टाळ्या पडल्या. मुखरूभाऊ दुकानात येऊन हे सांगत तेव्हा सगळे हसत. रुबीना हसत नसे. मित्रांनो, त्या टाळ्या मला अजून टोचतात. एका माणसाचे शेवटचे शब्द माझ्यात घट्ट गुंडाळलेले आहेत आणि ते मला स्वतःलाही वाचता येत नाहीत.

रुबीनाने ते लाल मणी परत माझ्यात ओवले. फेकायचे कसे? आता मी आखूड आहे, विरळ आहे, आरपार दिसतो. प्रदर्शनाला मी कधी गेलोच नाही.

मित्रांनो, जुन्या कागदाची सुंदर वस्तू जरूर करा. माझ्यातला आफ्रिका खंड अजून छान दिसतो! पण कापण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. कागद जुना झाला म्हणजे त्याचा धनी संपला, असं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात शेजारची चंचल जुन्या पोस्टकार्डांचं एक पुडकं घेऊन आली. "रुबीनाताई, मले बी असे मनी शिकव ना." रुबीनाने वरचं कार्ड वाचलं आणि पुडकं तिच्या हातात परत दिलं. "आधी हे घरी सगळ्यांले वाचून दाखव. मंग कोनी नको म्हनलं नाई तं ये."

चंचल आलीच नाही. दोन दिवसांनी रुबीना त्यांच्या घरावरून गेली, तर ओसरीवर सगळं घर बसलेलं आणि चंचल मोठ्याने वाचत होती. ते सांगताना रुबीना केवढी खूश होती! मीही वारा नसताना थोडा हललो. माझ्यासारखा एक पडदा त्या दिवशी जन्माला आला नाही.