सीटवरचं प्लास्टिक

सीटवरचं प्लास्टिक मीच फाडलं होतं, आणि ते परत चढवून दे म्हणून उस्ता बय्यूमीच्या दुकानात हुज्जत घालत होते तीही मीच.

"हाजीबाई, मिसरूड फुटायच्या आधीपासून गाड्यांच्या सीटा शिवतोय मी," बय्यूमी म्हणाला. तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून बोलायची त्याला सवय, त्यामुळे अर्धं कळतं, अर्धं आपण समजून घ्यायचं. "लोक माझ्याकडे प्लास्टिक काढायला येतात. घालायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

"मग पहिली तर पहिली. घालणार की नाही ते बोल."

"अहो, या अलेक्झांड्रियाच्या हवेत? समुद्र इथून हाकेवर. आत घाम धरेल, नवीकोरी सीट वर्षा-दोन वर्षांत कुजेल."

"कुजू दे. तेवढं टिकलं तरी पुष्कळ झालं मला."

त्याने तोंडातल्या चुका हातावर काढल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग प्लास्टिकचा गुंडाळा कुठे मिळेल ते पुतण्याला फोन करून विचारायला लागला. माणूस तसा चांगला आहे, नुसती जीभ लांब.

गाडी म्हणजे आमची क्रीम रंगाची फियाट. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. माझा नवरा रऊफ बंदरावर जकातीच्या कचेरीत कारकून होता. त्याने आधी गाडीसाठी नाव नोंदवलं, मग मला मागणी घातली, आणि आम्ही दोघी एकाच आठवड्यात त्याच्या दारात आलो. हे तो येईल-जाईल त्याला सांगायचा. मी दर वेळी चिडायचे, म्हणायचे, आधी कोणासाठी नाव नोंदवलंस तेही सांग की! तो हसायचा. हसताना त्याचे खांदे हलायचे.

सीटा डाळिंबी रंगाच्या, आणि त्यांच्यावर कारखान्यातून आलेलं जाड प्लास्टिक. लग्नाच्या दिवशी मी त्याच प्लास्टिकवर बसून सासरी आले. उतरले तेव्हा झगा मागे चिकटून राहिला आणि नणंदा खिदळल्या. मी म्हटलं, उद्या काढू हे. रऊफ म्हणाला, "घाई काय आहे? पोरं होतील, मळवतील. मग काढू." पोरं झाली कुठे, एकच सफा झाली. ती मोठीही झाली, तरी प्लास्टिक तिथेच. उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या, हललं की करकर वाजायचं. मी किती भांडले असेन! पण हा बाबा ढिम्म.

शेवटी सफाच्या लग्नाला माझ्या साटिनच्या झग्याची पार वाट लागली तेव्हा माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरातली कात्री घेऊन खाली गेले आणि सगळं प्लास्टिक टराटरा फाडून कचऱ्यात टाकलं. रऊफ कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि बोलला तेव्हा काय म्हणाला? "अगं, तुझ्यासाठीच जपत होतो. म्हटलं, आपण दोघंच राहिलो की काढू, आणि नव्या सीटवर बसून रोज समुद्रावर जाऊ." मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

गेल्या रमजानपासून रऊफ मला ओळखत नाही.

आधी माणसांची नावं विसरायला लागला. त्यात काय, मीही विसरते. मग एके सकाळी मी त्याच्यापुढे चहा ठेवला, तर त्याने आदबीने कप बाजूला सारला आणि म्हणाला, "हाजीबाई, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. पण माझी बायको कुठे गेलीय, तुम्हाला काही सांगून गेली का?" मी हसले. वाटलं थट्टा करतोय, पहिल्यापासून नकलाकार. त्याचे खांदे काही हलले नाहीत. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात स्कार्फचं टोक कोंबून रडले.

माझं नाव इन्शिराह. शूशू म्हणणारा जगात तो एकटाच, आईवडीलसुद्धा म्हणत नव्हते. तर हा रोज तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की किल्ली घेऊन खाली उतरतो. कुठे चाललास म्हटलं तर म्हणतो, शूशूला फिरायला न्यायचंय, गाडी काढतो. गाडी खाली झाडाखाली उभी. काचेच्या रबरातून पाणी जाऊन जाऊन आतून पार सडलेली. सीटांचा स्पंज पिठासारखा गळतोय, छताचं कापड लोंबतंय, गालिच्यावर बुरशी. तो दार उघडतो, आत बघतो आणि थरथरायला लागतो. "ही माझी गाडी नाही. माझी गाडी कोणी नेली? आता तिला नेऊ कशातून?" पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस फुटपाथवर बसून लहान पोरासारखा रडतो हो! कोपऱ्यावर उकडलेल्या पावट्यांची हातगाडी लावतो तो, तोही मान फिरवतो. मग मी समजूत घालून वर आणते. रोज.

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं. गाडी होती तशी झाली तर तो गाडी ओळखेल. आणि गाडी ओळखली, तर तिच्यात शेजारी बसलेली मी कोण तेही ओळखेल. यात न समजण्यासारखं काय आहे? पण कुवेतहून सफा फोनवर ओरडली, "ममा, डॉक्टर स्वच्छ म्हणालेत ना, गेलेलं परत येत नाही म्हणून? कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

"तुझे डॉक्टर बसलेत कधी त्या गाडीत?" मी म्हटलं. "मी बसलेय."

बय्यूमीने सीटा सोडवून दुकानासमोर ठेवल्या तेव्हा मी स्टूल टाकून तिथेच बसले. नजरेआड केलं की हे लोक आपल्याच मनाचं करतात. सीटखालून माझ्या केसांच्या पिना निघाल्या, तुर्मुसच्या खारवलेल्या बियांची वाळलेली सालं निघाली. समुद्रावर गेलो की आम्ही तुर्मुस खायचो आणि रऊफ म्हणायचा, सालं खिडकीबाहेर टाक, गाडीत नको. कोण ऐकतंय! बय्यूमीने जुना गालिचा न फाडता अलगद सोलून काढला, कारण त्याच्यावरूनच नवा कापायचा होता. खालचा पत्रा बहुतेक धड होता. फक्त पुढे, बाईमाणूस बसतं त्या बाजूला, पाय ठेवायच्या जागी चाळणी झालेली.

"इथेच बरं एवढा गंज कसा?" तो म्हणाला. "काय, समुद्राचं पाणी भरून नेत होता की काय पायाशी?"

मला एकदम आठवलं. लग्नाच्या दिवशी दृष्ट लागू नये म्हणून माझ्या आईने माझ्या अंगावर मुठीमुठीने खडेमीठ उधळलं होतं, गाडीत बसल्यावरसुद्धा. रऊफ ओरडत होता, "मावशी, बास! गाडी नवी आहे!" आई म्हणत होती, "मग गाडीलाही लागेल की दृष्ट!" ते मीठ गालिच्याखाली जाऊन बसलं होतं. मी बय्यूमीला सांगितलं. तो हसला नाही, पत्र्यावर हात फिरवत म्हणाला, "अल्ला त्यांना जन्नत देवो. दृष्ट नाही लागली ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "गंज नीट खरवड."

त्याने गंज खरवडला, पत्र्याचं ठिगळ जोडून घेतलं, वर लाल रंग मारला, मग जाड नमदा अंथरला. गालिचा मात्र काळा आणला. मी तो परत पाठवला. दाराच्या उंबऱ्यावरची चकचकीत पट्टी काढायला लावली. तिच्याखाली ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे जुना रंग जशास तसा होता, भाजलेल्या कॉफीसारखा. "हा," मी म्हटलं. बय्यूमी कुरकुरला की बाजारात असला रंग मिळत नाही, आजकाल सगळे काळाच लावतात, तुमचे मियाँ काय गालिचा बघायला खाली वाकणार आहेत? आणि तरी कुठून तरी घेऊन आला. कडेला मगजी शिवली, छत ताणून बसवलं, सीटांत नवा स्पंज भरून डाळिंबी रेक्झिन चढवलं, आणि त्याच्यावर प्लास्टिक. मी एकच गोष्ट आणखी सांगितली: गाडी सुरू होणार नाही अशी तार काढून ठेव, पण भोंगा वाजला पाहिजे. रऊफ मला वर हाका मारत नसे. दोनदा छोटा, एकदा लांब भोंगा द्यायचा, आणि मी बाल्कनीत येऊन ओरडायचे, "आले रे, आले!" सगळ्या गल्लीला पाठ होतं.

शुक्रवारी दुपारी बय्यूमीचा पुतण्या गाडी ओढून झाडाखाली लावून गेला. बय्यूमी स्वतः थांबला. मी निळा झगा घातला होता, ओठांना किंचित लालीही लावली. या वयात! नेहमीच्या वेळी रऊफ किल्ली घेऊन खाली उतरला, मी मागोमाग.

गाडी बघून तो थबकला. सावकाश एक फेरी मारली, टायरला पाय लावून बघितला. दार उघडून वाकला आणि खरंच आधी गालिच्यावर हात फिरवला. मग प्लास्टिकवर टिचकी मारली.

"आली!" तो म्हणाला. "अल्ला, आली रे गाडी!" आणि त्याचे खांदे हलले.

तो स्टिअरिंगपाशी बसला, मी दुसऱ्या बाजूने जाऊन शेजारी बसले. प्लास्टिक करकरलं. तेच, अगदी तेच करकरणं. मी हात मांडीवर ठेवून नवरीसारखी वाट बघत राहिले. तो वळला. माझ्याकडे नीट बघितलं, आणि मोठ्या संकोचाने म्हणाला,

"माफ करा हं, हाजीबाई. तुम्ही मागे बसाल का? ही जागा माझ्या बायकोची आहे. तिला अजून गाडी दाखवायचीय. ती बसेपर्यंत कोणी बसू नये असं मला वाटतं."

मी उतरले. मागे नाही बसले, तिथेच दाराला धरून उभी राहिले. बय्यूमी बिचारा दुसरीकडे बघत, नसलेली धूळ पुसत होता. रऊफने भोंगा दिला. दोनदा छोटा, एकदा लांब. मान वाकवून वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर आमची बाल्कनी, भाजी वर ओढायची टोपली कठड्याला लटकलेली, बाकी कोणी नाही. त्याने पुन्हा दिला. त्याचा चेहरा पडायला लागला. तो चेहरा मला ठाऊक होता. आता फुटपाथवर बसणार हा.

मी धावले. धावले कसली, कठड्याला लोंबकळत तीन मजले चढले, छाती फुटेल असं वाटलं. बाल्कनीत जाऊन ओरडले, "आले रे, आले!"

त्याने वर बघितलं. अख्खा चेहरा उजळला. "शूशू! अगं, किती वेळ? खाली ये, बघ काय आणलंय! समुद्रावर जाऊ!"

शूशू म्हणाला! खाली सगळ्या गल्लीदेखत शूशू म्हणाला. मी रडत होते आणि हसत होते. "आले!" म्हटलं, आणि ज्या जिन्यावरून एरवी तिरकी होऊन उतरते त्याच्यावरून भराभर उतरले. स्कार्फ सुटला, सुटू दिला. गाडीपाशी पोचले, दार उघडलं.

त्याने सीटवर हात आडवा ठेवला. अगदी खुशीत होता.

"नाही हो हाजीबाई, इथे नका. आत्ताच दिसली मला ती, वर बाल्कनीत. येतेच आहे."

मी म्हटलं, "रऊफ, मीच ती."

तो हसला, जसं परक्या बाईच्या थट्टेला हसावं तसं. मग वर बघून भोंगा दिला. दोनदा छोटा, एकदा लांब. बय्यूमी पुढे आला, माझा दंड धरून हळूच म्हणाला, "हाजीबाई, बसा जरा. मी आणतो पाणी."

"सोड," मी म्हटलं.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर गुडघे म्हणाले, आता पुरे. म्हटलं, गप बसा मेल्यांनो. मी वर गेल्याशिवाय तो शूशू म्हणून हाक मारायचा नाही मला.