उबदार भिंत

माझ्या जावयाने शेकोटीच्या फटी बुजवल्या आणि वर मलाच अक्कल शिकवायला लागला.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची दुपार होती. लेकीच्या घरी दारात पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. भिंतीत बसवलेल्या शेकोटीच्या पोलादी पेटीभोवती जी काळी चौकट असते, तिच्यावर साहेबांनी दगडी फरशा चिकटवलेल्या! खालच्या फटी गायब, वरच्या गायब.

"काय सासूबाई, कशी वाटली?" डेरिक म्हणाला. "उन्हाळ्यात स्वतः बसवली. त्या फटींतून गार वारा यायचा."

"वारा यायलाच हवा, जावईबापू! त्या वाऱ्याने पेटी गार राहते. आता सगळी धग मागच्या भिंतीतल्या लाकडी सांगाड्याला लागणार. सारखं भाजत राहिलेलं लाकूड थोड्या उष्णतेनेही पेट घेतं."

शेकोटी पेटलेलीच होती. मी वाकून आत पाहिलं. पेटीच्या मागच्या बाजूच्या विटेच्या तक्त्याला नाणं शिरेल एवढी भेग. वरून गंजाचा ओघळ, म्हणजे धुराड्यावरची पाऊस अडवणारी टोपीही गेलेली. तीस वर्षं मी नवऱ्याबरोबर डुलुथ शहरातली धुराडी साफ केली. मला हे कोणी सांगायला नको.

"आज आग विझव," मी म्हणाले.

"तुम्हाला या घरातलं काही आवडलंय का कधी? मीसुद्धा नाही." त्याने माझ्याकडे बघत आणखी एक ओंडका आत टाकला. मुद्दाम! अस्सा राग आला मला.

माझी मुलगी मारित स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आजचा दिवस तरी नको ना."

"बाळ कुठंय?"

"झोपलीय. आत."

आतली खोली म्हणजे शेकोटीच्या बरोबर मागची. पाळणा भिंतीला टेकवलेला.

"ती भिंत छान उबदार असते," डेरिक माझ्या मागून येत म्हणाला. "हीटरसुद्धा लावावा लागत नाही."

मी भिंतीवर हात ठेवला. ठेववेना. वर अस्वलाचं चित्र टांगलेलं होतं. मी ते काढलं. मागे ताटाएवढा तपकिरी डाग.

मी पाळण्यातल्या नातीला, ब्रिटाला उचललं, मागोमाग आलेल्या मारितच्या हातात दिलं. "हिला माझ्या गाडीत घेऊन बस. अग्निशमनवाल्यांना फोन कर. आत्ता!"

"नाटकं बंद करा," डेरिक ओरडला. "माझ्या घरात—"

मी टर्की कापायची सुरी आणून डागात खुपसली. पातळ प्लास्टरच्या तक्त्याची ती भिंत, तिचा तुकडा निघाला, धूर आला. आतलं लाकूड काळंठिक्कर पडलेलं, कडा लाल.

डेरिक पाण्यासाठी धावला.

बंब आला. त्या लोकांनी अर्धी भिंत पाडली, दगडी फरशा फोडल्या. डेरिक अंगणात बर्फात उभा राहून त्यांना सांगत होता, "सासूबाईंनी भोक पाडलं म्हणून हवा लागली."

मी गाडीत जाऊन बसले. मारितने ब्रिटाला माझ्या मांडीवर दिलं.

"डाग कधी दिसला तुला?" मी विचारलं.

"ऑक्टोबरात."

"आणि तू चित्र टांगलंस? मला एक फोन करता आला नाही?"

"केला असता तर तू जन्मभर ऐकवलं असतंस," ती म्हणाली. "त्यालाही, मलाही. तुझं ऐकून घेण्यापेक्षा मला खिळा ठोकणं सोपं वाटलं, आई."

ऐकवायला माझ्याकडे तेव्हाही भरपूर होतं. पहिलं वाक्य तर ओठांवर आलं होतं. ब्रिटाच्या केसांना धुराचा वास येत होता. मी तिची टोपी कानांवर ओढली आणि गप्प बसले.