सासरेबुवांची भिंत

या घरात काहीही बिघडलं की त्याच्यावर काहीतरी ठोकायचं, ही सासरेबुवांची पद्धत. भिंतीला तडा गेला? कॅलेंडर लावा. फरशी हलते? पायपुसणं टाका. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला घरात घ्यायचं म्हटलं की त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. "मी आहे ना!" म्हणायचे आणि हातोडी घेऊन उभे राहायचे. पुढे ते गेले, आणि हॉलमधल्या सगळ्यात मोठ्या तड्यावर त्यांचाच फोटो आला. फोटो ठोकला त्यांच्या चिरंजीवांनी. हातोडी वारशाने त्यांच्याकडे आली होती आणि "मी आहे ना" हेही तिच्याबरोबरच आलं होतं.

चिरंजीवांची बायको, म्हणजे या घराची सून, एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या आणि खराब मालावर लाल शिक्का मारायचा, हे तिचं पोटापाण्याचं काम. घरी आलं की मात्र तिचा शिक्का चालत नव्हता. घरी सगळा माल पास.

त्यात सासूबाईंचा खोकला. हा खोकला इतका जुना होता, की घरातलंच एक माणूस म्हणायला हरकत नव्हती. पहाटे सुरू व्हायचा, दुपारी जरा डोळा लागला की परत यायचा. डॉक्टर बदलले, बाटल्या बदलल्या, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून "वय झालं" यावर समाधान मानलं. दुसऱ्याचं वय झालं म्हणायला आपलं काय जातं?

तर झालं असं, की सासूबाईंची खोली अंधारी दिसते, ती जरा नवी करू, असं ठरलं. पलंगाच्या उशाशी न्हाणीघराची भिंत होती. तिच्यावर सासरेबुवांनी फार वर्षांपूर्वी प्लायवूडचं पॅनेल बसवलं होतं, गडद चॉकलेटी. ते काढायचं, भिंत रंगवायची, एवढंच काम. सासूबाईंची गादी तेवढ्यापुरती हॉलमध्ये आली. सुताराने पटाशी घातली, हातोडीचे दणके दिले आणि पॅनेल खाली आलं.

"अरे बाप रे," सुतार म्हणाला आणि मागे सरकता सरकता थेट पॅसेजमध्ये गेला.

पॅनेलच्या पाठीवर आणि भिंतीवर, इकडून तिकडे, बुरशी. काळी, हिरवी, मध्येच पांढरी, मखमल अंथरल्यासारखी. गिलाव्याचे पोपडे लोंबत होते. वास असा, की ओलं पोतं कोणीतरी नाकावर दाबून धरलंय. सुनेने पदराने नाक झाकलं. चिरंजीव म्हणाले, "किरकोळ आहे." सुतार बाहेरूनच म्हणाला, की मी लाकडाचा माणूस, पाण्याचं तुम्ही प्लंबरला विचारा, आणि चहा प्यायला म्हणून जो गेला तो त्या दिवशी परत आला नाही.

आणि सासूबाई? सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की सुनेला वाटलं, यांना काहीतरी वेगळंच दिसतंय.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई ओरडल्या. "उशाशी गार लागतं, भिंतीत ओल आहे, घसा फाडून सांगत होते! म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतंच. आख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. पण ज्याला हे ऐकवायचं, तो माणूस हॉलमध्ये तडा झाकून बसला होता. हे ध्यानात आलं तसा सासूबाईंचा उजळलेला चेहरा पडला. एवढ्या वर्षांचं भांडण जिंकलं, आणि हरणाराच जागेवर नाही. याच्यासारखा दुसरा वैताग नाही, खरं सांगते.

मग त्यांनी सरळ भिंतीलाच धरलं.

"नाक बघ," दुसऱ्या दिवशी त्या सुनेला म्हणाल्या. डाव्या बाजूला बुरशीचा एक डाग होता, लांबट, खाली वाकलेला. "हुबेहूब ह्यांचं. चष्मा तेवढा राहिलाय."

सुनेला हसू आवरेना. चिरंजीवांना मात्र राग आला. "आई, बाबा आहेत ते!"

"कुठे? भिंतीवर?" सासूबाई म्हणाल्या. "मी तेच तर म्हणतेय."

दुपारची जेवणं झाली, की सासूबाई त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. आत जायचं नाही आणि मास्क काढायचा नाही, या दोन अटींवर सुनेने परवानगी दिली होती. मास्कमधून भांडण नीट होत नाही. मग त्या मास्क खाली ओढायच्या, "एवढं बोलून घेऊ दे गं" म्हणायच्या, बोलायच्या आणि पुन्हा चढवायच्या.

"अहो, मी म्हटलं भिंत गार आहे. तुम्ही काय म्हणालात? तुझं अंगच गार! वर दात काढून हसलात. मी टायपिंग शिकले होते, नोकरीचं बोलावणं आलं होतं. तुम्ही म्हणालात, घरात काय कमी आहे? आता सांगू, काय कमी होतं? बसा, यादी करते. कुठे पळता? पळायला पाय आहेत कुठे तुम्हाला!"

सुट्टीच्या दिवशी सून हातातलं काम टाकून ऐकत बसायची. तिला मजा वाटायची, आणि मध्येच प्रश्नही पडायचा. ही बाई एवढं सगळं कुठे ठेवून होती?

ऐकता ऐकताच एक दिवस तिच्या ध्यानात आलं. सासूबाई तासभर तोंडाचा पट्टा चालवत होत्या, आणि एकदाही खोकल्या नव्हत्या. कालही नाही. हॉलमध्ये झोपायला लागल्यापासून पहाटेचा खोकला बंद होता. सून तपासणीतली बाई. तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"आईंचा खोकला गेलाय. ती भिंतच त्यांना बाधत होती. आता पाइप कुठे गळतोय ते बघू, भिंत खरवडू, पूर्ण वाळू देऊ आणि मगच रंग लावू."

"सिरप लागू पडलं," चिरंजीव म्हणाले.

"कुठलं सिरप? बाटली संपून महिना झाला."

"मग उशिरा लागू पडलं."

आता अशा माणसापुढे काय बोलणार! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच गिळून ती भांडी घासायला लागली. नंतर त्या भांड्यांना काय भोगावं लागलं, ते आवाजावरून शेजारीही सांगू शकले असते.

चिरंजीवांचा बेत ठरलेला होता. त्यांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते आणि व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला देवही समजावू शकत नाही. रविवारी सकाळी ते पांढरी शुभ्र प्लॅस्टिकची पॅनेलं घेऊन आले. बुरशीवरून फिनाइलचं फडकं फिरवलं, ड्रिल हातात घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वॉटरप्रूफ आहे. यातून पाण्याचा बापसुद्धा बाहेर येणार नाही."

"बाहेर येणार नाही, पण आत राहील ना?" सून म्हणाली. "पाइप गळतोच आहे. वर्षभरात याच्यामागे परत हेच होईल, आणि आई परत इथेच झोपतील. आधी प्लंबरला बोलावू."

"तुला काय कळतं त्यातलं?"

दारात आज सकाळपासूनच सासूबाईंची पाळी चालू होती. त्या सासरेबुवांच्या कुठल्याशा काटकसरीबद्दल बोलत होत्या. वाक्य अर्धवट राहिलं.

"काय म्हणालास रे?"

"काही नाही, आई."

"नाही, म्हण ना परत. सूर काय लागला होता! अगदी ह्यांचा." सासूबाईंनी मास्क काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि खुर्ची भिंतीकडून लेकाकडे वळवली. "ते आता सापडत नाहीत, म्हणून मी भिंतीशी भांडतेय. तू तर चालता-बोलता समोर आहेस. तुला कशाला सोडू?"

"आई, मी हे तुझ्यासाठीच करतोय."

"तेही म्हणायचे. बरं, ठोक तुझं ते. पण मी हॉलमध्येच झोपणार. या खोलीत तू झोपायचंस. उशी त्या भिंतीकडे."

चिरंजीव ड्रिलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी कशाला?"

"का रे? किरकोळ आहे ना?"

ते ड्रिलकडे बघणं सुनेने टिपलं. रोजचं कामच ते तिचं. तेवढ्यात सासूबाईंनी तिच्याकडे वळून हुकूम सोडला: "प्लंबरला फोन लाव गं. मी सांगितलंय म्हणावं."

या घरात बाईमाणसाने प्लंबर बोलावण्याचा हा पहिलाच प्रसंग. प्लंबर आला, जाडजूड, सदा वैतागलेला. त्याने भिंत ठोकून ठोकून बघितली. उशाच्या उंचीवर गिलाव्यात एक चौकोन वेगळ्या रंगाचा होता. तिथे कोणीतरी भिंत फोडून पुन्हा सिमेंटने बुजवली होती. त्याने छिन्नी लावली. सिमेंट ओल्या बिस्किटासारखं सुटून आलं. आत पाइपाचा सांधा होता, त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर तारेचे वेढे, त्यावर चिंध्या, त्यावर पुन्हा ट्यूब. आणि तरीही टपटप चालूच.

"हे कुठल्या गाढवानं केलंय?" प्लंबर म्हणाला.

"आमच्या ह्यांनी," सासूबाई म्हणाल्या.

प्लंबरने जीभ चावली आणि मान खाली घालून चिंध्या ओढायला लागला. एक लांब पट्टी निघाली, काळी पडलेली, चिकट. तिच्या टोकाला मात्र रंगीत दोऱ्याचं काहीतरी होतं. सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि सून "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी ती हातात घेतली. भरतकामाचं फूल होतं. निम्मं सडलेलं, निम्मं अजून गुलाबी.

"माझा अभ्रा," त्या म्हणाल्या. "उशीचा. मी भरला होता, जोडी होती त्याची. बहिणीकडून चार दिवसांनी परत आले तर एकच. हे म्हणाले, वाळत घातला होता, वाऱ्याने उडाला. मी सगळ्यांच्या गच्च्या धुंडाळत फिरले. आणि त्याच वेळी ते पॅनेल बसवलेलं होतं. तुला सरप्राइज म्हणाले."

सुनेला वाटलं, आता होणार भडिमार. भिंतीची काही धडगत नाही. पण सासूबाई अंगठ्याने ते फूल पुसत राहिल्या. तोंड एवढंसं झालं होतं.

"म्हणजे ह्यांना माहीत होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी बरोबर सांगतेय हे कळलं होतं. मी नसताना भिंत फोडली, बघितलं, बुजवलं आणि वर मलाच वेडी ठरवलं." त्या सुनेकडे वळल्या. "मला वाटायचं गं, ह्या माणसाला कळतच नाही. कळत नाही म्हणून मी सोडून देत होते. सगळा संसार मी तेवढ्यावर काढला."

सुनेने त्यांचा हात धरला. त्या चिंधीची घाण दोघींच्या हाताला लागली, ती कोणाला सुचतेय तेव्हा. सासूबाई रडल्या. मोठ्याने, मोकळेपणाने, नाक ओढत. प्लंबर बिचारा पान्याची उघडझाप करत कोपऱ्यात उभा राहिला.

रडून झाल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले आणि लेकाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? मी तेव्हा शाळेत होतो."

"तेव्हाचं नाही विचारत. आत्ताचं. मी हॉलमध्ये खोकत नाही, ते."

चिरंजीवांच्या हातात अजून ड्रिल होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. एकदा बायकोकडे बघितलं. तिने नजर काढली नाही.

"हो," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. हिने सांगायच्या आधीच."

सुनेला ते स्वयंपाकघरातलं बोलणं आठवलं. सिरप उशिरा लागू पडलं म्हणणारा हाच तो. भांड्यांवर राग काढला होता तिने, स्वतःलाच समजावलं होतं, की जाऊ दे, त्याला कळत नाही. आणि तो पॅनेलं मोजून घेऊन आला होता.

सासूबाईंनी प्लंबरला खूण केली. "चला, चहा टाकते. पाणी बंद करून ठेवलंय ना? मग घाई नाही." दारात त्या थांबल्या. सुनेला म्हणाल्या, "माझं ह्यांना विचारायचं राहून गेलं. तुझा नवरा समोर आहे. विचार त्याला. वेळ लागला तरी चालेल, मी इकडे कोणाला येऊ देत नाही."

त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. खोलीत सगळीकडे सिमेंटची ढेकळं पडली होती. नवरा दाराकडे बघत होता. कुठून सुरुवात करायची, ते सुनेला ठरवता येईना. इतकं साठलं होतं. तिने सासूबाईंची खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बस," ती म्हणाली.

आणि तो बसला.