झोंबणारं मलम

मलम तिनंच तयार केलं होतं. भाजलेल्या मुलांच्या जखमा त्यानं लवकर भरतील, या आशेवर तिनं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं घालवली होती. आज निकाल हाती आला. निम्म्या मुलांना मलम लावलं होतं, निम्म्यांच्या जखमा नुसत्या स्वच्छ पाण्यानं धुऊन बांधल्या होत्या. जखमा दोन्हीकडे सारख्याच दिवसांत भरल्या होत्या.

"मलमानं माझं नाक कापलं, सर," ती म्हणाली.

सर चष्मा पुसत हसले. "अगं, पाण्याशी तुलना करायचं तुलाच सुचलं ना? उत्तर मनासारखं नसेल, पण खरं आहे. जा, वॉर्डात सांगून ये."

वॉर्डात एक चिमुरडी पाय पोटाशी धरून बसली होती. पट्टी बदलायची वेळ झाली होती, आणि मलमाची डबी दिसली की ती रोज भोकाड पसरायची.

"ताई, आज पण झोंबणारं लावणार?"

"नाही. आता ते कुणालाच लावायचं नाही. नुसतं पाणी."

"आणि उद्या?"

"उद्याही पाणीच."

पोरीनं तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि हळूच पाय पुढे केला. नर्सबाईंनी जुनी पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली. पोर रडली नाही, उलट चौकशीच करू लागली.

"पाणी पुरतं, हे कुणी शोधून काढलं?"

"मी," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं.