अष्टमीचा धूप आणि अनयाचं पीक

अनयानं गेल्या वर्षीची बरणी माझ्या नाकाखाली धरली तेव्हा मी सरळ सांगितलं, "हे म्हशीपुढे टाक. ती खाईल. माणसानं हुंगावं असं यात काही नाही."

"आजी, दॅट्स सो मीन."

"आणि ती तुझी कॅरलबाई काय म्हणाली होती?"

तिनं मान खाली घातली. "तीही म्हणाली, वाळलं गवत."

अनया माझी नात, सत्यजितची थोरली. वय सव्वीस. कॉम्प्युटरची नोकरी सोडून ती आता रोपवाटिकेत कुंड्या उचलते. आमच्या ऑरेगनमध्ये मोठ्या माणसांना घरामागे गांजाची चार झाडं लावता येतात, कायद्यानं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मागे जाऊन झाडं बघितली. झाडं सुरेख होती. सुरेख झाडावर राग धरायला मला जमत नाही.

तिला हवी होती कॅरलबाईच्या शेतावरची जागा. आमच्या हिल्सबरोपासून पाऊण तासावर त्या बाईचं शेत आहे आणि माल वाळवून मुरवायची मोठी शेड आहे. वर्षाला एकच माणूस ती शेडमध्ये शिकायला घेते. अट अशी, की घरच्या झाडाची, घरी वाळवलेली एक बरणी आणून दाखवायची. गेल्या वर्षी अनयाची बरणी हुंगून तिनं झाकण लावलं आणि म्हणाली, "अजून एकदा ये. तिसऱ्यांदा नको."

म्हणजे हे शेवटचं पीक.

माझी शाळा चौथीत सुटली. पण तासगावकडे सासरच्या बेदाण्याच्या शेडवर मी तीस वर्षं उभी राहिले. उन्हात टाकलेला बेदाणा काळा पडतो. सावलीत, जाळीवर, हळू वाळवला तर हिरवा राहतो आणि पेटी उघडली की वास आधी बाहेर येतो. आमच्या शेडवर व्यापारी यायचे ते सासऱ्यांना नाही, मला विचारायचे, "वहिनी, कोणत्या फळीचा माल घेऊ?" त्यामुळे अनयानं गेल्या वर्षी काय केलं ते मला न सांगता कळलं होतं.

"हीटर लावलास ना खोलीत?"

"लवकर ड्राय व्हावं म्हणून."

"घाई केलीस. वास उडून गेला आणि पानाचा कच्चेपणा तेवढा आत राहिला. या वर्षी मी सांगेन तसं."

ऑक्टोबरात झाडं कापली. मोठी पानं काढून फांद्या लांब दांड्यांवर उलट्या टांगल्या, वरच्या खोलीत, जिथे सीमाची आई आली की उतरते. सीमा माझी सून. तिच्या आईची खोली म्हटल्यावर तिचं तोंड उतरलंच, पण घरात तेवढी एकच थंड आणि रिकामी खोली होती. पडदे बंद. हीटरची जाळी बंद. छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून, म्हणजे हवा हलेल पण फुलांना झोंबणार नाही. अनयानं ओलावा मोजायचं यंत्र टांगलं. साठच्या खाली काटा गेला की तिला फोनवर कळायचं.

"मीटर तुझं, नाक माझं," मी म्हटलं.

"डील."

रोज मी एक बारीक काडी वाकवून बघायची. वाकली तर अजून थांबायचं. कट्कन मोडली की उतरवायचं. घाई करणाऱ्याला या कामात जागा नाही, हे मी तिला दिवसातून तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा तिनं मला हात जोडले.

पाचव्या दिवसापासून वास जिन्यावरून खाली यायला लागला. सीमा ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "आई, शनिवारी भोंडला आहे आपल्याकडे. वीस बायका येणार. ते सगळं गॅरेजमध्ये हलवू या का?"

"गॅरेजमध्ये दमट हवा आणि गाडीच्या तेलाचा वास. पोरीचं वर्ष घालवायचंय का तुला?"

"पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांची पोरं काय वाळवतात ते आपण कधी विचारलंय का?"

सीमा भांडत नाही. सांगितलेलं करते. त्या शनिवारी तिनं तेच केलं.

शनिवारी अष्टमी होती. अष्टमीला आमच्याकडे प्रत्येक खोलीत धूप लावायचा असतो. हा नियम माझा. सीमा लग्न होऊन आली तेव्हाच मी तिला बजावलं होतं, एकही खोली सोडायची नाही. पहिल्या वर्षी तिनं न्हाणीघराशेजारचं कोठार सोडलं, तर मी सगळ्यांसमोर बोलले होते. सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली, ती काही विसरली नाही.

दुपारी मी खाली खिरापतीचे डबे भरत होते. बायका यायला लागल्या होत्या. काही काढून आणायला मी वर गेले तर जिन्यावर नेहमीचा वास नव्हता. चंदन होतं. मी दार उघडलं. खिडकीच्या कट्ट्यावर बशीत धूपकांडी, अर्धी जळलेली, आणि माझा तो शहाणा पंखा धूर खोलीभर फिरवतोय. ती फुलं चिकट असतात. जे लागेल ते धरून ठेवतात.

मी कांडी बेसिनमध्ये विझवली. सीमा मागून धावत आली.

"आई, मी... तुम्हीच म्हणता ना, खोली सोडायची नाही."

माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. ते तसंच गिळलं. ती म्हणत होती ते खरंच होतं.

"आता रडू नकोस. दांडीचं एक टोक धर."

खिडकी उघडायची सोय नव्हती, बाहेर तीन दिवस पाऊस लागला होता. धूप न लावलेली, कोरडी अशी एकच जागा उरली होती, खाली सत्यजितची ऑफिसची खोली. ती त्यानं कुलूप लावून ठेवली होती म्हणून सीमाच्या धुपातून वाचली. किल्ली माझ्या कमरेला असते. सत्यजित स्वतः अशा वेळी दही आणायला गेलेला असतो, तसा गेला होता. पण त्या खोलीत जायला दिवाणखान्यातून जावं लागतं. आणि दिवाणखान्यात पाटावर हत्ती काढलेला, भोवती वीस बायका फेर धरून.

सीमा पहिल्या पायरीवरच थबकली. "आई, नको ना. सगळे गेल्यावर..."

"तोवर उरलेलंही धुरकटेल. चल."

आम्ही दोघी खांद्यावर दांडी घेऊन उतरलो, लग्नातलं रुखवत न्यावं तशा. फेर थांबला. गाणं अर्ध्यावर राहिलं. नागपूरची ज्ञानदा, शेजारच्याच गल्लीत राहते, ती पुढे आली.

"अगं बाई काकू, एवढी मेथी?"

"गांजा आहे," मी म्हटलं. "अनयाचा. कायद्यातला. धक्का लावू नका, वाट द्या."

सीमानं डोळेच मिटले, दांडी खांद्यावर असताना. मग ज्ञानदा म्हणाली, "काकू, खिरापतीत नाही ना घातला? मला गाडी चालवायचीय!"

जो काही हशा उसळला. सलोनी म्हणून एक नवी मुलगी, नुकतीच शिकायला आलेली, ती हसता हसता सोफ्यावर बसली. एकदोघींनी तोंडं वाकडी केली. त्यांच्याकडे मी बघितलंही नाही. मला तीन फेऱ्या करायच्या होत्या. दुसऱ्या फेरीला ज्ञानदानं येऊन सीमाच्या हातातलं टोक घेतलं. "तू चहाचं बघ," म्हणाली.

चार वाजता अनया आली. मी तिला ऑफिसच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सांगून टाकलं. "धूप तुझ्या आईनं लावला. नियम माझा. वरच्या खोलीपुरता तो मोडायला मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

ती फांद्यांखाली बसली. "आजी, धिस वॉज इट. पुढच्या वर्षी ती बघणार पण नाही."

"तिला किती बरण्या हव्यात?"

"एक."

"मग ऊठ. डोळे पूस, नाक शिंकर. एकीपुरतं निघतं का बघू."

आम्ही दोघींनी एकेक फांदी हुंगली. चंदन आलं की डावीकडे, नाही आलं की उजवीकडे. मध्येच कॉफीचे दाणे हुंगून नाक ताजं करायचं, ही अक्कल तिची. चार झाडांतलं सव्वातीन झाडांचं डावीकडे गेलं. उजवीकडे उरलं ते खिडकीतल्या धुपापासून सगळ्यात लांबच्या दांडीचं.

अकराव्या दिवशी काडी मोडली. फुलं साफ करून काचेच्या नव्या बरणीत भरली, वर चार बोटं जागा सोडून. पहिले दोन आठवडे रोज झाकण उघडून आतली हवा बदलायची. पहिल्या दिवशी आत नुसता पाचोळ्याचा वास. आठव्या दिवशी तो मागे सरला. अठराव्या दिवशी झाकण उघडलं आणि संत्र्याच्या सालीला नख लागावं तसा वास आला, मागून ताज्या कुटलेल्या मिरीचा. अनयानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आता ने."

मीही गाडीत बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

कॅरलबाई माझ्याच वयाची निघाली, पायात गमबूट, केस आखूड. तिनं बरणी उघडली, हुंगली, झाकण लावलं, पुन्हा उघडली. एक फूल बोटांत चुरडून परत हुंगलं. मग फळीवरून स्वतःच्या तीन बरण्या आणून टेबलावर ठेवल्या. इंग्रजी मला बोलता येत नसलं तरी समजतं. ती म्हणाली, "यातली एक आम्ही लवकर भरली, आत ओल राहिलीय. कोणती ते सांग. तू. आजी नाही."

म्हणजे हिनं मला ओळखलं होतं.

बरण्या उघडल्या तशी पहिलीतून रॉकेलसारखी उग्र झाक माझ्यापर्यंत आली. पहिलीच! बिघडलेला माल मी दोन खोल्या पलीकडून सांगते. अनया पहिलीवर वाकली आणि पुढे गेली. तिनं दुसरी हुंगली. तिसरीवर थांबली. मी पदर तोंडात धरला. तीस वर्षं शेडवर मी कुणाचं उत्तर होईपर्यंत थांबले नव्हते. एक खोकला काढला असता तरी पोरीला कळलं असतं. मी खोकले नाही.

"थर्ड वन," अनया म्हणाली. "खाली अगदी थोडा अमोनिया आहे. पहिलीचा वास स्ट्राँग आहे, पण तो त्या झाडाचाच. गॅसोलीनसारखी जात असते एक."

कॅरलबाईनं तिसरी बरणी उचलली, कागदावर पालथी केली. तळाची फुलं मऊ होती, बोटाला चिकटत होती.

"सोमवारी सातला ये," ती म्हणाली. "बूट आण."

अनयानं मला मिठी मारली तेव्हा तिला माझं तोंड दिसत नव्हतं, ते बरंच झालं. परत येताना तिनं विचारलं, "आजी, तुझ्या नाकाला कोणती वाटली होती?"

"समोर बघून गाडी चालव," मी म्हटलं.

सोमवारी ती साडेपाचला उठली. मी तिच्या डब्यात पोळी-भाजी भरली आणि सांगितलं, तिथं कुणी घाई करायला लागलं तर माझं नाव सांग. ती हसत म्हणाली, "आजी, आता मी माझंच नाव सांगीन."

सांगू दे. नाव माझ्याच घराण्याचं आहे.